नमुना क्रमांक सात

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
बी.पी. १५०/९०. डॉक्टरांनी बी.पी. लिहायला वही ठेवा म्हणून सांगितले. बाकीचे पान कोरे राहते, तेव्हा इतरही लिहितो. कोणाला दाखवायचे नाही.

नात उर्वी ठाण्याला कॉलेजात बायोटेक शिकते. तिची टीम आज आमच्या हॉलमध्ये जमली. उर्वी, कल्याणचा सलिल, ठाकुर्लीची कादंबरी, आणखी तिघे फोनवर. कसल्याशा मोठ्या स्पर्धेत जायचे आहे. सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात. सलिलने समजावले की जिवाणूच्या आत एक चिठ्ठी असते. ती बदलली की तो आपण सांगू ते काम करतो. मी सातवी शिकलो, पण मुद्दा लगेच कळला. रंगाच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षे काढली आहेत. चिठ्ठी बदलली की माल बदलतो, हे मला कोणी शिकवायला नको.

त्यांना घराघरातल्या दह्यातले जिवाणू हवेत. मी म्हटले, या घरातले विरजण साधे नाही. माझी पत्नी कलावती हिने लग्नात लांज्याहून, माहेरून आणलेले, तिच्या आईचे. कलावती जाऊन चार वर्षे झाली, विरजण चालू आहे. रोज त्यातलेच चमचाभर दुधात.

सून रसिका पोहे घेऊन येत होती, ती दारातूनच परत आत गेली. भारावली असावी.

१३ जानेवारी. सकाळी ६.
दह्याचा सट, चिनी मातीचा, उघडला. गेली चार वर्षे रोज उघडतो. घट्ट लागले असेल तर कलावती खूष. पाणी सुटले असेल तर काहीतरी बिनसले. आज घट्ट. टीमला तिची परवानगी आहे.

१९ जानेवारी, रविवार.
नमुना दिला. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत, म्हणून चार वाजताच दिला. कादंबरीने बाटलीवर ७ लिहिले. टीममध्ये सहाजण होते, मी सातवा. कोणी बोलून दाखवले नाही, मीही दाखवले नाही. ज्येष्ठाने शोभेसे वागावे.

सलिलला विचारले, चाळीस वर्षांपूर्वीचे जिवाणू एव्हाना मेले असतील ना. तो म्हणाला, "ते म्हातारे होऊन मरत नाहीत, आजोबा. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. बघायला गेलं तर पहिलाच अजून चालू आहे." मग विचारले, विरजण लावणाऱ्याच्या बोटावरचेही त्यात उतरत असतील का. "उतरत असतील की थोडे."

कलावती विरजण बोटानेच कालवत असे.

सटात एकूण किती असतील ते विचारले. म्हणाला, कोट्यवधी.

२० जानेवारी. सकाळी ६.
झोप नाही. ती एकटी होती तेव्हाच मला पळता भुई थोडी होत असे. आता कोट्यवधी आहेत, आणि ओट्यावर, एका ताटलीखाली.

दही खाणे बंद. कसे खायचे? रसिकाला सांगितले, डॉक्टरांनी नको म्हटले आहे.

२२ जानेवारी.
स्वयंपाकघरात पाऊल टाकले की कोणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखे वाटते. सकाळी पंखा बंद असताना सटावरची ताटली वाजली. मी म्हणालो, लावतो, नीट लावतो. मुलगा सुदेश डबा भरत होता. म्हणाला, "कोणाशी बोलताय, अण्णा?"
ठराव: घरात माणूस असताना ओट्याशी बोलायचे नाही.

२३ जानेवारी.
ठराव मोडला. पण हळू बोललो.

२६ जानेवारी, रविवार.
बी.पी. १७०/१००. टीमचा खरा बेत आज कळला. दुधात धुण्याची पावडर मिसळलेली असेल तर दही निळे पडेल, अशी चिठ्ठी जिवाणूत घालणार.

निळे. कंपनीत मी निळ्या रंगाच्या पॅकिंगला होतो. नखे निळी, शिंकलो तरी निळे. "त्या हातांनी सटाला शिवायचं नाही, माझ्या आईचं विरजण आहे," हे कलावतीकडून अठ्ठावीस वर्षे रोज ऐकले. आता तीच आतून निळी होणार, आणि ती बाटली मीच माझ्या हातांनी दिली.

मी उभा राहून सांगितले, हिरवे करा. सलिल म्हणाला, "हिरवं केलं तर लोकांना बुरशी वाटेल, आजोबा." कादंबरी म्हणाली, "आणि निळं केलं तर काय श्रीखंड वाटेल?" सगळे हसले. टीममध्ये मतभेद असणे निरोगी.

२७ जानेवारी. सकाळी ६.
दही आंबट. पाणी सुटलेले. अपेक्षित होते.

उर्वीला म्हटले, माझा नमुना परत आण. ती म्हणाली, "आजोबा, एक चमचा दही आहे ते. कॉलेजच्या फ्रीजमध्ये आहे." फ्रीजमध्ये. कलावतीला पंखासुद्धा सोसत नसे.

२९ जानेवारी.
स्वतः ठाण्याला गेलो. गेटवरच्या वॉचमनने विचारले, कोणाला भेटायचंय. म्हटले, सात नंबरला. त्याने रजिस्टर पुढे केले. 'भेटीचे कारण' या रकान्यात काय लिहावे सुचेना. शेवटी 'कौटुंबिक' लिहिले. मग म्हणाला, "काका, आयडी?" नव्हते. त्याने बाकावर बसू दिले. दीड तास बसलो. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी सबंध वेळ अर्धी उघडी होती. तिथेच असणार.

फेरी वाया गेली असे म्हणता येणार नाही. कोणीतरी येऊन गेले, एवढे तिला कळले असेल.

९ फेब्रुवारी, रविवार.
रिपोर्ट आला. सलिलने लॅपटॉपवर दाखवला. इतर सहा घरांच्या दह्यात पंधरा-वीस जातींची खिचडी. माझ्यात फक्त दोन. मी म्हटले, याला शुद्धता म्हणतात. तो मान खाजवायला लागला. म्हणाला, "आजोबा, डेअरीच्या पाकिटातही हेच दोन असतात. सेम टू सेम."

शांतपणे विचार केला. निष्कर्ष एकच निघतो. डेअरीने कलावतीचे विरजण चोरले आहे.

१० फेब्रुवारी.
तक्रारअर्ज लिहायला घेतला. रसिकाने चहा आणून ठेवला आणि समोर बसली. ती कधी बसत नाही. म्हणाली, "अण्णा, आई गेल्या तेव्हा तेरा दिवस घरात दूध विरजलंच नाही कोणी. सटाला वास यायला लागला. मी धुऊन टाकला. चौदाव्या दिवशी तुम्ही विचारलंत, तिचं विरजण आहे ना. मी हो म्हणून बसले. मग खाली जाऊन पाकीट आणलं."

कप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "नंतरही आणलंय. उन्हाळ्यात बिघडतं."

मी रागावलो नाही. किती वेळा, एवढेच विचारले. म्हणाली, मोजलं नाही.

चार वर्षे मी कोणाला गुड मॉर्निंग करत होतो?

११ फेब्रुवारी.
मार्ग सापडला. जुन्या चाळीत शेजारी शालनवहिनी होत्या. त्यांच्या आणि आमच्या दारातून विरजणाची वाटी जाता-येता मी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे कलावतीचे विरजण त्यांच्या घरात जिवंत आहे. त्या आता दिवा स्टेशनजवळ राहतात. उद्या डबा घेऊन जाणे. टीमला नमुना क्रमांक आठ मिळेल. तो निळा करू देणार नाही, हे आधीच बजावणे.

१२ फेब्रुवारी.
शालनवहिनींच्या इमारतीत सकाळपासून पाणी नव्हते, तरी त्यांनी चहा केला. मी वाटीची आठवण काढली. त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "भावोजी, वाटी माझ्याकडून तुमच्याकडे यायची. परत जाताना रिकामी असायची, ती बघितली असेल तुम्ही."

कलावतीचे दही दर पावसाळ्यात बिघडायचे म्हणे. मी विचारले, आणि लांज्याचे? "लांज्याचं कुठलं आलंय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच एस.टी.त सांडलं सगळं. पण तुम्ही कामावरून आलात की चप्पल काढायच्या आधी सटात बोट. रंगाचं. नुसतं नको म्हटलं तर तुम्ही ऐकणारातले का? म्हणून आईचं नाव पुढे केलं तिने. त्याला घाबरलात."

हे खरे आहे. घाबरलो होतो.

विचारले, मग तुमचे तरी मूळ कुठले? "नाक्यावरच्या दूधवाल्याचं," त्या म्हणाल्या. "तुमची कलावती सांगायची, ह्यांना कळलं तर मला आयुष्यभर सटाची राखण करावी लागेल."

त्यांनी माझा डबा भरायला घेतला. मी म्हटले, राहू दे, दिवेलागण झाली. तेव्हा तीन वाजले होते. रिकामा डबा घेऊन आलो.

१५ फेब्रुवारी.
सट आता फक्त रसिका उघडते. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा जात नाही. भीती वाटते म्हणून नाही. पूर्वी वाटायची, ती आता वाटत नाही म्हणून.

१६ फेब्रुवारी, रविवार.
टीमने सात नंबर निवडला. सात घरांतून माझाच. कारण विचारले. सलिल फार आनंदात होता. "कारण त्यात काहीच वेगळं नाही, आजोबा. ह्या दोन जाती सगळ्या जगाला पाठ आहेत. चिठ्ठी घालायला एकदम सोप्पं."

फॉर्मवर टीमची नावे भरली. सहा. सात नंबर बाटलीचा होता. उर्वीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आभारात टाकते तुमचं नाव." म्हटले, टाक. कादंबरीने विचारले, "निळ्याला अजून हरकत आहे का?" म्हटले, नाही.

१७ फेब्रुवारी. सकाळी ६.
सट उघडला. ताटली बाजूला ठेवून बराच वेळ उभा राहिलो. काही थांबल्यासारखे वाटले नाही, कारण काही चालू नव्हते. मागून रसिका म्हणाली, "काय हवंय, अण्णा?" मी वाटी पुढे केली. तिने वाढले. दोन वाट्या खाल्ल्या.
नुसते दही होते.