बिबट्याला पावणं म्हणणारी बाई

मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२
कळंब

आज बातमीदारी सोडली. वाईट वाटत नाही, उलट आनंदच आहे.

सकाळी पिंपरी पेंढारला गेलो होतो. तिथल्या सखुबाई काल भरदुपारी बांधावर एकट्याच मेंढरं राखत होत्या, तेवढ्यात समोरच्या उसातून बिबट्या बाहेर आला. बाई पळाल्या नाहीत. "मी म्हनलं, पावणं, आज आमच्याकडं काय न्हाई, तुमी माघारी जा. मेंढरं पाठीमागंच व्हती माझ्या, तरी म्हनलं!" तो जरा वेळ बघत बसला आणि खरंच उसात परत गेला. सांगताना बाई लाजून हसत होत्या. बिबट्याला पावणं!

दुपारी संपादकांना फोन केला. "जखमी कोण? मेलं कोण?" म्हटलं, कुणीच नाही. "मग यात बातमी कुठाय, राव?"

बरोबरच आहे त्यांचं, बातमी नाहीच ही. पुस्तक आहे! उसातल्या बिबट्यांचं आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचं. हे इतके दिवस मला का सुचलं नाही? तिथंच फोनवर सांगून टाकलं, यापुढं बातम्या पाठवणार नाही.

घरी येऊन बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. घर कसं चालायचं, हे तिनं विचारलं नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. संध्याकाळी पहिलं पान लिहिलं, 'पावणं' या शब्दापासूनच, आणि भीतभीत तिला वाचून दाखवलं. संपलं तरी ती उठेना.

"आन् पुढं?" म्हणाली.

माझी एवढ्या वर्षांतली एकही बातमी वाचून तिनं हे विचारलं नव्हतं.