दादाच्या जिभेजोगे जहाज

तीर्थस्वरूप, पाकविद्याविशारद, कनिष्ठबंधुकर्णपीडननिपुण ताईच्या चरणी, तिच्या चिमटीची आठवण अद्याप बाळगून असलेल्या दोन्ही कानांसह धाकट्याचा दंडवत.

इकडील सर्व क्षेम, असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु मी पडलो मुद्रितशोधक (म्हणजे इतरांच्या चुका काढण्याचे वेतन घेणारा, हिच्या मते हेच काम मी घरी विनावेतन करतो), त्यामुळे धादांत असत्य वाक्य हातून सुटू देणे मला जड जाते. तेव्हा माझे क्षेम आहे, हिचे क्षेम आहे, दादाचे नाही. तुझ्या गुडघ्यांचे काय? छातीत बसलेला तो खोकला उठला की अजून ठाण मांडून आहे? माझ्या मागील दोन्ही पत्रांस तुझे उत्तर नाही. कारण आळस, असे मी गृहीत धरले आहे. आपल्या घराण्यात तो एकच गुण तिन्ही भावंडांत समसमान वाटला गेला.

दादाचे सांगतो. वजनमापे निरीक्षक म्हणून ज्याने हयात घालवली, दुकानदारांच्या दोन पिढ्या ज्याच्या पावलांच्या आवाजाने घामाघूम झाल्या, त्या आपल्या बंधूचे स्वतःचेच वजन वहिनी गेल्यापासून घटत चालले आहे. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभे केले तेव्हा त्याने प्रथम काटा तपासला. दुर्दैवाने काटा बरोबर निघाला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की असेच चालले तर औषधाचा प्रश्न उरणार नाही. त्यांनी हे इतक्या सौम्य स्वरात सांगितले की अर्थ लागायला मला जिना उतरून रस्त्यावर यावे लागले.

दादाचे खाणे हे काय प्रकरण आहे ते तुला मी काय सांगावे? तरीही (हे पत्र तुझ्याऐवजी अन्य कोणाच्या हाती पडल्यास त्याची पंचाईत नको म्हणून) लिहून ठेवतो. त्याला हिरवे चालत नाही. गोल पदार्थ आपल्याकडे टक लावून पाहतात अशी त्याची तक्रार आहे, सबब वाटाणा वर्ज्य. थरथरणारे काही तो खात नाही, कारण त्याच्या मते घट्ट व्हावे की पातळ, याचा त्या पदार्थाचा निर्णय अद्याप झालेला नसतो. आणि सर्व नियमांचा मुकुटमणी हा, की ताटातील एका पदार्थाने दुसऱ्यास स्पर्श करता कामा नये. बालपणी त्याने जे जे निवडून बाजूला सारले ते ते माझ्या ताटात आले, आणि मी साक्षात सर्वभक्षक अग्नी होऊन बसलो. माझ्या उदराचा विद्यमान परीघ हा वस्तुतः दादाच्या नापसंतीचा साठा आहे. (तू मात्र माझ्यासाठी दूध मुद्दाम तळाला लागू द्यायचीस, आणि दादाची पाठ वळली की पातेल्याची ती खरवड साखर घालून माझ्या तळहातावर ठेवायचीस. आई मला आठवत नाही, तिच्या हातचे मी काही खाल्लेलेच नाही. पण ती करपट गोडी अजून जिभेवर आहे. असो. विषयांतर हा वयाचा दोष.)

वहिनींनी दादाच्या नियमांतून एक स्वतंत्र स्थापत्यशास्त्र उभे केले होते. ताटाच्या मध्यभागी मऊ भात, त्याला अंगठ्याने दाबून घातलेला बांध, बांधाच्या अलीकडे दही, पलीकडे उकडलेला बटाटा. आणि बांधावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा, जणू सरकारी मोहोर. मग आतून हाक यायची, 'बसा हो, निवतंय.' दादा बसे, संपवी, आणि म्हणे, 'ठीक.' 'ठीक' हे त्याच्या शब्दकोशातील सर्वोच्च प्रशस्तिपत्र. याहून वरचा शब्द वहिनींनी उभ्या संसारात ऐकला नाही. त्या गेल्यावर मी त्याला आमच्याकडे आणले. हिने अगदी तसाच बांध घालून ताट वाढले. दादाने ते बराच वेळ न्याहाळले, हळूच पुढे सरकवले आणि म्हणाला, 'अंगठा वेगळा आहे.' ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाहेर आली ती मला ओरडतच, कारण ओरडण्याजोगा दुसरा कोणी घरात नव्हता.

डॉक्टरांनी उपाय सांगितला, जलविहार. समुद्रावर न्या, हवा बदलली की भूक चाळवते. अशा रीतीने मी, ज्याला नळाखालच्या बादलीकडे पाहूनही मळमळते, दादाच्या जिभेजोगी क्रूझ शोधायला बाहेर पडलो. पहिले जहाज हे तरंगते नगर होते. तेथील तरतरीत तरुणाने छाती फुगवून सांगितले, 'आमच्याकडे सगळं मिळतं, काका!' दादा म्हणाला, 'तीच तर अडचण आहे.' नमुन्याचे जेवण म्हणून त्याने एक बर्फाचा खडा घेतला, हुंगला आणि परत केला. दुसरे जहाज पथ्यकरांचे. सगळे फिके, सगळे मऊ, हिरव्याचे नाव नाही. मी मनोमन सुटकेचा निःश्वास टाकला, इतक्यात दादाला दिसले की साऱ्या पातेल्यांतून एकच पळी फिरते. त्या पळीचा प्रवास त्याने नजरेने शेवटपर्यंत टिपला आणि आमचा प्रवास तिथेच आटोपला.

तिसऱ्या जहाजाचे पत्रक आमच्या दाराखालून आत आले होते. (आमच्या मजल्यावर आणखी कोणाकडे ते आले नाही. मी सर्वांना विचारले. शेजारी आता मला टाळतात.) त्यावर पांढऱ्या जहाजाचे चित्र आणि खाली एकच वाक्य होते: 'वाट पाहत आहे.' माझा व्यावसायिक संताप अनावर झाला. कोण वाट पाहत आहे? कर्ता कुठे आहे? केवळ ही चूक त्यांच्या पदरात घालावी या सद्हेतूने मी भर दुपारी दादाला घेऊन त्यांच्या कचेरीत गेलो. बंदरामागची गल्ली, एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला कायमचे ओढलेले शटर, मध्ये ही चिंचोळी खोली. काचेच्या कपाटात जहाजाची प्रतिकृती, टेबलामागे एक बाई, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. डोक्यावर पंखा गरगरत होता, परंतु बाईंच्या पुढ्यातला कागद हलत नव्हता. (ते मी पंख्याच्या नावे जमा केले.) मी कर्त्याची विचारणा केली. बाई म्हणाल्या, 'तो प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून छापत नाही.' पुढे मी दादाच्या पथ्यांचे पारायण सुरू करणार, तोच त्यांनी हात वर केला. 'ते सांगायला नको. माहीत असलेलं माणूस आत असतं.'

जहाज धक्क्यालाच उभे होते. चाखून पाहा, मग ठरवा, म्हणत बाई स्वतःच आम्हाला आत घेऊन गेल्या. जहाज म्हटले की वंगणाचा, दोरखंडांचा, नाहीतर माशांचा वास यावा. याला कुणाच्या तरी घरी दुपारी येतो तसा वास होता, भाताच्या वाफेचा. भोजनगृहात बरीच टेबले होती आणि प्रत्येक टेबलाशी खुर्ची एकच. प्रत्येक खुर्चीसमोर भिंतीत एक छोटी खिडकी, तिला आतून पडदा. माणसे आपापल्या खिडकीकडे तोंड करून जेवत होती. कोणी कोणाशी बोलत नव्हते. एक म्हातारे गृहस्थ घास तोंडात धरून नुसते बसले होते, गिळला तर संपेल या भीतीने असावे. पलीकडे जेवणाऱ्या एक आजी पडद्याकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाल्या, 'मीठ बरोबर पडलंय गं आज.' पडदा जरासा हलला. वारा नव्हता. मी विनोद करण्याच्या बेतात होतो, ताई. विनोद आला नाही.

दादा एका खुर्चीत बसला, कोणी सांगितले नसताना, जणू आरक्षित होती. पडद्याखालून ताट सरकले. भात, दही, बटाटा, मध्ये बांध, बांधावर अंगठा. दादा वाकला. वजनमापे निरीक्षकाने त्या ठशाची जी तपासणी केली ती त्याच्या सबंध कारकिर्दीतील सर्वांत प्रदीर्घ असावी. आणि मग आतून, फार मोठ्याने नाही, हाक आली:

'बसा हो, निवतंय.'

बसलेलाच होता तो. तरी उठला, आणि पुन्हा बसला. ताट स्वच्छ केले. भाताचे शीत उरले नाही. मग हात न धुताच तो त्या पडद्याला म्हणाला, 'छान झालंय गं.'

आत भांडे पडले. मोठे असावे; खणखणत बराच वेळ फिरत राहिले, आणि थांबल्यावर मुसमुसल्यासारखे काहीतरी ऐकू आले, की वाफ सुटली, कोण जाणे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा मनुष्य नाही, परंतु एवढे प्रामाणिकपणे नमूद करतो, की दादाच्या तोंडून 'छान' ऐकून भांडे हातातून सुटेल अशी व्यक्ती पृथ्वीतलावर एकच होती, आणि तिला खांदा देणाऱ्यांत मी होतो.

स्वतःस सावरण्यासाठी मी कचेरीतल्या बाईंना विचारले, की मलाही भूक लागली आहे, माझी खुर्ची कोणती? त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि सहानुभूतीने म्हणाल्या, 'तुमच्यासाठी अजून आत कुणी आलेलं नाही. तुमची सोय नाही.' सर्वभक्षकास उपाशी ठेवणारे हे पहिलेच जहाज. मी अपमान गिळला (तेवढेच पोटात गेले) आणि घरी येऊन हिला सारे सांगितले. ती भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, 'अहो, अपमान कसला? तुमच्यासाठी रांधणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि ताई. दोघी धडधाकट आहोत अजून. खरं तर नारळ फोडायला हवा.' मग विळी बाजूला ठेवून तिने उगीचच माझ्या हाताला हात लावून पाहिला. ऊन होता तो, असे तीच म्हणाली.

जहाज येत्या शुक्रवारी सुटते. परतीचे आरक्षण विचारले तर बाई म्हणाल्या, 'आजवर कुणी मागितलं नाही. मागितलं तर देऊ.' दादाने मागितले नाही. त्याने पेटी भरली आहे, दाढी केली आहे, तो गुणगुणतो आहे. त्या दुपारनंतर मात्र त्याने आमच्याकडे घोटभर पाण्याखेरीज काही घेतलेले नाही. म्हणतो, 'शुक्रवारी जेवेन.' तेव्हा माझी कोंडी पाहा. जाऊ दिला तर तो पोटभर जेवेल आणि बहुधा परत येणार नाही. अडवला तर तो इथेच, माझ्या डोळ्यांदेखत, ग्रॅमाग्रॅमाने संपेल. तू थोरली. तुझे तो ऐकतो. तू 'जा' म्हणालीस तर आनंदाने जाईल. 'गप बस' म्हणालीस तर कुरकुरत बसेल, आणि कदाचित तुझ्या धाकाने चार घास खाईल. निवाडा तूच कर. माझ्याने होत नाही.

तुझा सर्वभक्षक,
धाकटा

ता. क. तुझे उत्तर येईतो वेळ दवडण्यात अर्थ नाही, म्हणून मी परस्पर तोडगा काढला आहे. वरील सर्व रडगाणे रद्द समजावे. दादाबरोबर मीही जातो. ज्याच्यासाठी आत कोणी नाही, त्याला तिथे राहण्याचा मोह होण्याचे कारणच नाही, हे तर्कशास्त्र अभेद्य आहे. बिस्किटांचा डबा घेऊन मी बसेन, दादाला महिनाभर जेवू देईन, गाल वर आले की कान धरून (तुझ्याच पद्धतीने) परत आणीन. दोन परतीची तिकिटे मी मागितली. बाईंनी दिलीही. तुझ्याकडे मागणे एवढेच, की तू जाड साखर घालून करतेस तशी बिस्किटे करून धाडावीस. पत्राचे खरे प्रयोजन हेच होते, असेही हवे तर समज.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवले होते, ते फाडून लिहितो. त्या बाईंचा आत्ताच फोन आला. म्हणाल्या, डबा आणू नका, तुमचीही सोय झाली. आयुष्यभर परक्यांच्या वाक्यांतले कर्ते शोधत आलो, ताई. या वाक्याचा कर्ता विचारायला माझी जीभ उचलली नाही. त्यांनीच आपण होऊन सांगितले, की आतमध्ये कालपासून दूध सारखे तळाला लागते आहे. आधी वाटले निष्काळजीपणा, पण विचारले तर म्हणतात मुद्दाम लावलेय. आणि निरोप दिलाय, की आता त्याचं वय झालं, साखर पूर्वीएवढीच घालू की कमी, तेवढं विचारा.

तुझा फोन वाजतो आहे. एका हाताने कानाला लावून ठेवलाय आणि दुसऱ्या हाताने हे लिहितोय. दादाचे काय ते मागाहून बघू. निवाडा नको, बिस्किटे नकोत. फोन उचल आणि नेहमीसारखी म्हण, 'काय रे मेल्या.'

साखरेचे मी त्यांना अजून काही सांगितलेले नाही.