वर्दी पेटीतच राहू दे

सौ. प्रेमिलाले टिकारामचा पुण्याहून जीव भरून आशीर्वाद.

डोळ्याची पट्टी निघाली. लेक-जावई मले जपून राहिले, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे? इटियाडोह धरणाच्या नहराले पाणी आलं का?

पुढचं फोनवर बोललो असतो, पण लेक ऐकून हसली असती. शेजारच्या केवळरामच्या लोकेशची मिरवणूक व्हिडिओत पाहिली. पोरगा अग्निवीर होऊन पहिल्या सुट्टीवर आला, तर उघडी जीप, डीजे, अन् बॅनरवर पोरापेक्षा नेताच मोठा! माझ्या पोटात दुखलं, खोटं काऊन बोलू? आपला पोरगा देवानंद सतरा वर्षं फौजेत राहून घरी आला, तेव्हा गोंदिया स्टेशनाबाहेर डोक्यावर पेटी घेऊन ऑटो शोधत होता. त्या साली निवडणूक नव्हती ना!

आता तेच नेते त्याले वर्दी घालून सभेत मंचावर बोलावून राहिले, अन् तो नाही म्हणते, असं तू सांगितलं. त्याले म्हणा, जरूर जाय. लोकेशही चार वर्षांनी घरी येईल, तेव्हा केवळरामनंही एकदा पाहावं. पण वर्दी पेटीतच राहू दे. आता करते त्या राइस मिलच्या चौकीदारीचा निळा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत बस म्हणा.

मग फोटोसाठी त्याच्या बाजूले कोण कोण उभं राहते, तेवढं मले कळव.

तुझाच,
टिकाराम