सकाळी तो कुणाच्या हातात होता?

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार केला, आता आपलं भांडण पुढे. तू परत तेच लिहिलंस, घरात तीन घड्याळं पडलीत, त्यातलं एखादं बांध. ताई, ते घड्याळ नाही. डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात त्याला. पाण्याखाली मी किती खोल आहे, अजून किती मिनिटं थांबलेलं चालेल, वर किती सावकाश यायचं, हे तो मनगटावर दाखवतो. खाली दाबामुळे हवा अंगात मुरते. जास्त वेळ राहिलं किंवा घाईने वर आलं की तिचे बुडबुडे होतात आणि माणूस आडवा होतो. घड्याळाला यातलं काय कळतं?

प्रश्न एवढाच की कुठला घ्यायचा. मला रंगीत पडद्याचा हवाय. त्यात सिलिंडरमधली हवा दिसते, होकायंत्र आहे, आणि बोटीवर चार जण वळून बघतात. आम्हाला बुडी शिकवणारे मास्तर म्हणतात, पहिला साधाच घे, मोठे आकडे, दोन बटणं, बॅटरी आपली आपल्याला बदलता येईल असा. घाबरलेल्या माणसाला वाचता आला पाहिजे म्हणे. म्हणजे मी घाबरट.

आत्तापर्यंत आमच्या डाइव्हिंगच्या दुकानाचेच वापरतोय. सकाळी गिऱ्हाइकांना वाटून पेटीत जो उरेल तो माझा, दुपारी पुन्हा जो उरेल तो. कधी हिरव्या पट्ट्याचा, कधी काळ्या. काही अडत नाही. पण हेल्परचा गाईड व्हायचं तर स्वतःचा हवा, दुकानाच्या शेठनी स्पष्ट सांगितलंय. तेव्हा पुढचे तीन महिने पैसे पाठवणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ठेवला असतास, म्हणून लिहितोय.

बाकी ठीक. दुपारची बुडी झाली की संध्याकाळी खांदा तेवढा धरतो. सिलिंडर उचलून उचलून दुसरं काय होणार. सकाळपर्यंत मोकळा होतो.

भावोजींना नमस्कार, चिमीला पापा. लोभ या पत्रानंतरही राहू दे.

तुझा,
भिंगरी

ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने दिले, मनात काय आहे ते खाली वाच.

रंगीत पडदा. चार जण वळून बघतात. हेच मी त्या मोटरसायकलच्या वेळीही ऐकलं होतं. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, गाडी मात्र जायची नाही. मग तो दोन कॅमेऱ्यांचा फोन, ज्यात बोललेलं ऐकू येत नव्हतं. सातवीत शाळा सोडलीस तेव्हाही मास्तरांना काही कळत नाही म्हणाला होतास. तुझ्या नशिबात कुठलेच मास्तर शहाणे आलेले नाहीत. भावोजी म्हणतात, जाऊ दे, लहान आहे. चोवीस वर्षांचा लहान. मशीनवर शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय आणि मी तुला पत्र लिहीत बसलेय.

पैसे नको पाठवूस. पण एक सांग. बीपीसाठी मला रोज चालायला सांगितलंय, म्हणून भावोजींनी पावलं मोजणारा पट्टा आणला. शिवताना कापडात अडकतो, म्हणून मी तो खणात ठेवायची. महिन्याने डॉक्टरांनी आकडे बघितले आणि खूश होऊन गोळी अर्धी केली. घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, तर चिमी हसत सुटली. रोज सकाळी खणातून काढून पट्टा तीच शाळेत नेत होती. हुंदडायची ती आणि पावलं माझ्या नावावर. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

तर तुझ्या त्या पेटीतल्या यंत्राला कसं कळतं, की सकाळी तू पाण्यात होतास? सकाळी तो कुणाच्या हातात होता? मला पाण्यातलं काही कळत नाही, मूर्खासारखं विचारलं असेल तर हस. पण हसून झालं की मास्तरांना विचार. आणि सिलिंडर तू सकाळीही उचलतोस ना? मग खांदा दुपारनंतरच का धरतो?

लोभ वाढवणं जमलं नाही तरी आहे तेवढा टिकव.

तुझी,
ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका वैतागलो की दुपारी बोटीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, आमच्या ताईला समुद्र म्हणजे चिमीच्या शाळेचं मैदान वाटतं. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, आज सकाळी तुझ्या हातात कुठला होता. म्हटलं, हिरवा. आत्ता कुठला बांधून खाली गेलास? म्हटलं, काळा. मग सकाळी काळा कुठे होता? पेटीत. मग मास्तरांनीच उलगडून सांगितलं.

त्या काळ्याच्या लेखी मी सकाळभर बोटीवर बसून होतो. सकाळची अंगात मुरलेली हवा त्याला माहीतच नाही. म्हणून तो दुपारी मिनिटं देत सुटायचा आणि मी घेत सुटायचो. पहिल्याच दिवशी मास्तरांनी बजावलं होतं, दिवसभर एकच वापर. मला वाटलं, स्वच्छतेसाठी सांगतायत.

खांदा तोवर धरायला लागला होता. तोंडावर ऑक्सिजन लावून मला इस्पितळात नेलं आणि अंगातले बुडबुडे विरावेत म्हणून एका लोखंडी टाकीत दाबाखाली पाच तास ठेवलं. आगीच्या भीतीने कागद आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे तुझं पत्र मनातल्या मनात ऐकावं लागलं, तेही तुझ्या आवाजात. त्यापेक्षा खांदा बरा. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं असतं तर पुढे पाय गेले असते. हे तुला लिहिणार नव्हतो, पण मास्तर म्हणाले, तू लिही नाहीतर मी लिहितो.

आता खांदा ठीक आहे, पण महिनाभर पाण्यात जायचं नाही. किनाऱ्यावर सिलिंडर भरतोय. बोटीवर माझं नाव चिमी पडलंय, तिला सांगू नकोस.

साधाच घेतला. मोठे आकडे, दोन बटणं, रूप अगदी भावोजींच्या चष्म्यासारखं. कुणी वळून बघत नाही. पेटीत ठेवत नाही, कुणी मागितला तर देत नाही.

आता तुझं. मला म्हणतेस मास्तरांना विचार, आणि स्वतः अर्धी गोळी घेऊन गप्प बसतेस? उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा आणि सांग. मी सगळ्या बोटीसमोर सांगितलं, लाजेने मेलो नाही. आणि पट्टा शिवताना अडकला तर अडकू दे, हातातून काढू नकोस. चिमीला तिचा वेगळा घे. रंगीत घेतला नाही त्यातून उरलेले सोबत पाठवतोय, परत करून भांडण वाढवू नकोस. राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझा,
भिंगरी

सोबत चार हजार सहाशे.