कावळ्याच्या यंत्राचं गुपित

घोडपदेव

ती. राजरत्नमामांना संघमित्राचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही ठीक आणि कावळेही ठीक. (कावळ्यांचं का सांगते, ते पुढे कळेल.)

एम.एस्सी.नंतर मी वकिली शिकायला निघाले, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, रसायन आणि कायदा एका भांड्यात शिजतात का? शिजतात, मामा. दिवसभर मी लोकांच्या शोधांना त्यांची नावं मिळवून देते. म्हणूनच बाबांनी मनात घेतलं, की एका पेटंटवर 'शामराव' लागावं. गोदीत जन्मभर फिटर होते, पण पगारपत्रकापलीकडे त्यांचं नाव कुठे लागलं नाही. मलाही मनापासून वाटलं, हे व्हायलाच हवं.

त्यांनी यंत्र केलं. गॅलरीत वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळा बसला की दांडी कलते, आमटीचा डाव ताटलीवर आपटतो आणि जुनी छत्री फाडकन उघडते. मी शोधून पाहिलं, असं जगात कुठेच नाही (का नाही, ते विचारू नका). फक्त बजावलं, की अर्ज दाखल होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. चारचौघांनी पाहिलं की शोध नवा राहत नाही आणि पेटंट बुडतं.

बाबांनी हे फारच मनावर घेतलं. मी ऑफिसात असताना ते चाळीत दारोदार फिरले आणि प्रत्येकाला बजावून आले, की माझ्या कावळ्याच्या यंत्राबद्दल कुठे बोलू नका. शेजारच्या कमळाबाईंनी हरकत घेतली. "बघितलंच नाय, तर लपवणार काय?" बाबांना मुद्दा पटला. (वकील मी, युक्तिवाद त्यांचा.) मग मंडळाच्या खुर्च्या आल्या, लाऊडस्पीकर लागला आणि सगळ्यांना शपथ घालून प्रात्यक्षिक झालं. छत्री उघडली, टाळ्या पडल्या, कावळा बोंबील घेऊन गेला. संध्याकाळी मी आले, तर जिन्यात जो भेटला त्याने सांगितलं, की आम्ही कुणाला काही सांगणार नाही.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. खरं सांगताना माझा जीव तुटला. ते फक्त म्हणाले, "पण शपथ तर सगळ्यांनी घेतली ना गं?"

तुमची भाची,
संघमित्रा

ता. क. बाबांनी सुधारणा केली आहे. आता कावळा बोंबील टाकून पळतो. नव्या सुधारणेला पेटंट मिळू शकतं. तुमच्या कर्जतच्या घराला शेजार नाही, तेव्हा अर्ज जाईपर्यंत त्यांना ठेवून घ्याल का?

आणखी एक. बाबा रविवारी निघताहेत. गुपित राखायला एकटा माणूस पुरत नाही, म्हणून कमळाबाईंनी बस ठरवली आहे. सगळी चाळ येतेय. भात जास्त टाका, बोंबील ते आणताहेत.

शेवटचं. अर्ज मी आज सकाळीच बाबांच्या नावाने दाखल केला. (सही करताना त्यांनी डोळे मिटले होते, गुप्ततेसाठी.) अर्ज गेला, हे त्यांना इतक्यात सांगू नका. राखायला गुपितच उरलं नाही, तर बिचारे बसमध्ये काय बोलतील?