मशेरीची चौकशी

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे लिहायला बसले. तू असतीस तर दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवलं असतं आणि गावभर झालं असतं. आता ती भीती नाही. मी सिंगापूरला आहे, यिशुनला, मुलाकडे. अकराव्या मजल्यावर राहते. खाली बघितलं की डोकं गरगरतं म्हणून बघत नाही. मुलगा-सून सकाळी मेट्रोने ऑफिसला जातात, नात शाळेत जाते. ती दहा वर्षांची आहे. दुपारी ती येईपर्यंत घरात मी आणि फ्रीजचा आवाज.

मी लावते अजून मशेरी. तूच लावलीस सवय. माझी दाढ ठणकत होती, तू चुलीवर तव्यात तंबाखू भाजत होतीस, घरभर धूर, सगळे खोकतायत आणि तू मात्र शांतपणे परततेयस. मला जवळ ओढून तुझं बोट माझ्या हिरडीवर फिरवलंस. मला चक्कर आली, ओसरीवर पडले ती संध्याकाळीच उठले. दाढेचं दुखणं गेलं, मशेरी राहिली. लग्न झालं तेव्हा तू पितळेची डबी दिलीस, तीच अजून वापरते. इथे सुनेला वास चालत नाही. काही बोलत नाही ती, नुसत्या खिडक्या उघडते. म्हणून मी सगळे गेल्यावर मागे वॉशिंग मशीन आहे तिथे उभी राहून लावते आणि डबी पिठाच्या डब्यामागे ठेवते.

इथल्या शाळेचं तुला काय सांगू. शिकवणं एका बाजूला, अंग तपासणं दुसऱ्या बाजूला. पोरांची वजनं करतात. जाड दिसली की मधल्या सुट्टीत दोरीच्या उड्या मारायला लावतात. आमची काही जाड नाही, पण तरी पोळीला तूप लावलं की म्हणते, "आजी, नो लाह, ऑइली." तूप ऑइली! शाळेतच दातांचा दवाखाना आहे. वर्गातून एकेकाला बोलावून खुर्चीत बसवतात, आ करायला लावतात. मी सुनेला म्हटलं, हे आपल्याला विचारून करतात का? ती म्हणाली, "अहो आई, चांगलंय की, फुकट आहे." फुकट म्हटलं की मला आधी शंका येते. ते तुझ्याकडूनच आलंय.

लस टोचणारे शाळेत आले होते त्या दिवशी तू मला कणगीत बसवलंस ना. वरून गोधडी टाकलीस. आत भुसा नाकात जातोय आणि बाहेर मास्तर ओरडतायत, "बाई, पोरीचा जीव जाईल अशानं!" आणि तू म्हणतेस, "जाईल तर माझ्या घरातून जाईल." एवढं बोलल्यावर माणूस काय करणार, गेले. त्यानंतर तू मला शाळेतच पाठवलं नाहीस. चौथी झाली तेवढी झाली. शिकायला पाठवलंय, अंग दाखवायला नाही, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. कणगीत बसून मला हसूच येत होतं.

तर एक दिवस नात शाळेतून आली ती गप्प. एरवी दप्तर इकडे, बूट तिकडे. त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्या पोरांना बसवून नशेबद्दल सांगितलं होतं. गोळ्या, पावडर, गोंद हुंगणं, तंबाखू, सगळ्याची चित्रं दाखवली. गणवेशातला कोणी माणूसही आला होता. मी म्हटलं, दहा वर्षांच्या पोरांना हे कशाला? ज्याला माहीत नाही त्यालाही कळायचं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची शाळा लवकर सुटली होती, मला लक्षात नव्हतं. मी मागे उभी, बोट तोंडात, आणि ही दारात.

"आजी, व्हॉट इज दॅट? पावडर आह?"

"दंतमंजन आहे. जा, हातपाय धू."

"ब्लॅक कलर?"

"काळं असतं गावचं."

"देन व्हाय यू हाइड फ्रॉम मम्मी?"

पोर आहे की पोलीस? मी म्हटलं, लपवत नाही, तिथे ठेवते. ती म्हणाली, "कॅन यू स्टॉप? टुमारो, वन डे?" मी म्हटलं, मला कशाला थांबायचंय? तर म्हणते कशी, "सी. दॅट्स वॉट दे ऑल से." मग मात्र मी भडकले. उघडेल तेवढं तोंड उघडून ओरडले. आणि ती घाबरायची सोडून माझ्या तोंडात बघायला लागली. मान वाकडी करून, अगदी आतपर्यंत. "आजी, ओपन अगेन." मी तिच्या हातावर चापट मारली.

त्यानंतर माझं लक्ष उडालं. हॉलमध्ये त्यांनी सांगितलं होतं, घरात असं काही दिसलं तर मोठ्या माणसाला सांगा. म्हणजे काय, घरच्या चहाड्या सांगायला शिकवतात? आणि सांगणार कोणाला, तर टीचरला. हा देश कडक आहे. मुलगा इथे कामाच्या पासवर आहे, कंपनीने ठेवलंय तोवर आहे. उद्या कोणी म्हणालं, यांच्या घरात काळी पूड सापडली, तर? तंबाखू आहे हे कळेपर्यंत माझ्या मुलाचं काय होईल? मी रोज तिला विचारायची, आज काय झालं, कोणी काय विचारलं, तू काय बोललीस. ती "नथिंग" म्हणायची. आणि जेवताना मी बाजूला काढलेल्या मिरचीकडे बघायची. "आजी, चिली पेन आह?" वय झालं की तिखट झोंबतंच, मी म्हटलं.

मग एका दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, मोडकं हिंदी. शाळेतून बोलतेय, आप दादी हैं ना, कल आ सकते? मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, आइए, बात करेंगे. मुलाला सांगितलं नाही, सुनेलाही नाही. त्यांना कशाला अडकवायचं? डबी पदरात बांधली आणि गेले. वाटेत ठरवलं होतं, कोणी गणवेशातलं दिसलं तरी बसायचं नाही, उभ्याने बोलायचं.

फाटकावरच्या माणसाने माझ्या पदरावर एक स्टिकर लावला आणि एका खोलीकडे बोट केलं. आत गेले तर गणवेश नाही, काही नाही. भिंतीवर हसणाऱ्या दातांची चित्रं, मधे ती आडवी खुर्ची, आणि एक तमिळ बाई, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असेल. दातांची नर्स. मी उभ्यानेच डबी तिच्या टेबलावर आपटली. "देखो, ये तंबाखू है. तवे पे भूना हुआ. चरस-बिरस कुछ नहीं. मेरे बेटे का इसमें कुछ नहीं."

तिने डबी उघडून वास घेतला आणि शिंकली. "आंटी, मैं पुलीस दिखती?"

नातीने टीचरला सांगितलंच नव्हतं. तिची दात तपासायची पाळी आली तेव्हा ती खुर्चीत बसली, आणि आ करायच्या ऐवजी विचारलं, गालाच्या आत पांढरं होतं ते काय असतं? नर्स म्हणाली, तुझ्या? तर ही म्हणाली, नाही, माझ्या आजीच्या.

मी म्हटलं, पोर काहीही बोलतं. "मुँह खोलो, आंटी," ती म्हणाली. मी म्हटलं, तुम तो बच्चों की हो. "हाँ, बड़े लोग का मना है. मैं कुछ लिखेगी नहीं. सिर्फ लाइट मारेगी." मी ओठ घट्ट मिटून बसले. म्हणजे बसले होते मी, कधी बसले कळलंच नाही. मनात एकच, हिला यात काय मिळणार आहे? कोणाचा दवाखाना चालवायचाय हिला? दाराला काचेचा तुकडा होता, त्यातून नात बघत होती. वर्ग सोडून आली होती. नाक काचेला चिकटलेलं.

आणि मला तू दिसलीस. मी माहेरपणाला आले होते आणि तू भिंतीकडे तोंड करून जेवत होतीस. भाकरी पेजेत कुस्करून, बोटाने आत ढकलत होतीस, कारण तोंड उघडत नव्हतं. मी म्हटलं, बघू गं. तर म्हणालीस, "तोंड काय बघतेस, मुलगी बघायला आलीस का?" सगळे हसले. मीही हसले. उष्णता आहे, सब्जा घेतेय, म्हणालीस. तुझ्या तोंडात कोणी बघितलं नाही, आई. तू बघूच दिलं नाहीस. त्याच हिवाळ्यात गेलीस, तुझ्या घरातूनच गेलीस.

मी तोंड उघडलं. पूर्ण उघडलं नाही, हल्ली उघडत नाही तेवढं. दिवा आत फिरला, थांबला. ती मघाशी हसत होती, आता हसेना. डबी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, पॉलीक्लिनिक जाओ. इसी हफ्ते. बेटे को बोलो. मी विचारलं, काय आहे? ती म्हणाली, मुझे नहीं मालूम, आंटी, इसीलिए जाओ.

तिच्यावर माझा विश्वास बसला असं नाही. पांढरं दिसलं म्हणजे लगेच तसंच असतं असं थोडंच आहे? पण मुलाला सांगितलं. तो रागावला नाही, नुसता बसून राहिला, त्याचंच मला जास्त लागलं. सूनबाईने पिठाच्या डब्यामागे हात घालून डबी काढली आणि मला विचारलं, "आई, टाकू?" म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं, टाक पूड, डबी राहू दे. दोन दिवस डोकं भणभणतंय, कोणी बोललं की अंगावर धावून जाते.

नात म्हणते मी पण येणार दवाखान्यात. मी तिला झापलं. म्हटलं, काही तमाशा नाही तो, अभ्यास कर. ती "ओके लोर" म्हणून गेली.

हे पत्र संपलं की मी फाडून टाकणार आहे, मुलाला सापडायला नको. पण तुला सांगते. फोनवर दवाखान्याची बाई सकाळची वेळ देत होती. मुलगाही म्हणाला, सकाळीच बरं. मीच म्हटलं, सकाळी मला जमत नाही, दुपारची द्या. शाळा सुटते त्याच्यानंतरची.