टाकीमागचा तुकडा

नागपूर, १२ जानेवारी २०२५

ती. सौ. प्रमोदिनीआत्यास,
चिन्मयीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तुझ्या सासरच्या गावाचा, म्हणजे आताच्या मंगलधाम लेआउटचा, विकास आराखडा मी करते आहे. गाव जवळजवळ बांधून संपलं. म्हणून पहिलं उद्दिष्ट असं, की बाहेरची शेतं न घेता आत उरलेल्या मोकळ्या जागांवर घरं व्हावीत. ते मीच लिहिलं. मला ते योग्य वाटतं.

पाण्याच्या टाकीमागे असा एक तुकडा आहे. बांधकाम नाही, कागदावर काही नाही. मी नकाशात पिवळा रंग दिला, म्हणजे निवासी. पण रस्त्यावर गाड्यांना जागा नसताना तिथे कोणी गाडी लावत नाही. गवतात पोरांचे चेंडू पडलेत, वर्षानुवर्षांचे, रंग उडालेले. आमच्या मोजणीच्या माणसांनी ते गोळा करून पोरांना दिले, तर पोरं मागे सरली. दुसऱ्या दिवशी चेंडू पुन्हा गवतात. शेजारची बायजाबाई मलाच रागावली, काहून हात लावला वं त्याले, तुहे आहेत का ते? कोणाचे, ते सांगेना. तुला ठाऊक आहे का?

माया असू दे.
तुझी चिन्मयी

काटोल, १९ जानेवारी

चि. चिन्मयीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिलंस की नोटीस काढलीस? आत्या कशी आहे, एवढंही विचारलं नाहीस. असो, संत्री पाठवते.

ती जागा मोकळी नाही. बारशाआधी गेलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. वर नाव नाही, काही नाही. तिकडे गेलेला चेंडू त्या लेकरांचा, एवढं तिथल्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही.

माझी पहिली मुलगी तशीच गेली. सासरे टोपलीत घेऊन निघाले. बायकांनी जायचं नसतं. मी लपत मागून गेले. हे तुझ्या काकांनाही माहीत नाही. तो पिवळा रंग पूस, पोरी.

तुझी आत्या

नागपूर, २ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र मिळताच रंग पुसायला गेले.

पण आराखडा प्रसिद्ध झाला होता. रंग आता मी पुसू शकत नाही. सुनावणीत कोणीतरी हरकत सांगावी लागेल. बायजाबाई म्हणते, त्याइचं नाव काढलं तर घरच्या लेकराले लागते. म्हणजे तूच उरलीस, आणि काका शेजारी बसलेले असतील. मी आग्रह करत नाही.

काल एकटीने पुन्हा मोजणी केली. फितीचं दुसरं टोक खुंटीला होतं. ते मधेच कोणी हलकेच ओढावं तसं ताणलं गेलं. गवतात अडकलं असावं.

चिन्मयी

नागपूर, ३ मार्च

ती. आत्यास सा. न.

तुकडा वाचला. समितीने तो दफनभूमी म्हणून राखला. तू बोलत होतीस तेव्हा मागच्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या, सगळ्यांत शेवटी बायजाबाई. काकांनी तुझी पिशवी हातात घेतली आणि शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

नंतर मी तुला तिथे नेलं, तर तू कडेलाच थांबलीस. आत का आली नाहीस? मला फक्त तिची जागा दाखव. नकाशात नाही लिहिणार.

तुझीच, चिन्मयी

काटोल, १० मार्च

चि. चिन्मयीस आशीर्वाद.

रागावू नकोस. आत जाऊन मी काय करू? ती तिथे नाही.

पूर्वी ती जागा पार ओढ्यापर्यंत होती. लेआउट पडलं तेव्हा सगळी विकली गेली. टाकीमागचा कोपराच तेवढा कोणी घेईना. मी बोलले ते तिथे उरलेल्या लेकरांसाठी.

माझ्या मुलीवर घर आहे. त्या दिवशी त्या घरावरूनच गेलो आपण. दाराशी रांगोळी होती, एक मुलगी ओसरीत बसून भात खात होती. तू सारखी विचारशील, म्हणून आत्ताच सांगते, कोणतं घर ते मी सांगणार नाही. त्या माणसांना रात्री झोप लागली पाहिजे.

जिवाला जप.
आत्या